अलास्का क्रूझ: कंपनी कुठली, मार्ग कुठला? आपापले अनुभव लिहा

पुढच्या जूनमध्ये अलास्का करायचं घाटतंय. पुण्याहून आम्ही दोघं आणि सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात), कॅलिफोर्नियाहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. दिरांनी प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन अशा चार क्रूझ कंपन्यांचे दर काढून भलीमोठी एक्सेल शीट पाठवलीय आणि ती बघून डोकंच चालेनासं झालंय, कारण सगळीकडे सात रात्री, सगळीकडे जुनो-स्कॅगवे-केचिकन हीच बंदरं आणि फोटोत पण सगळीकडे तोच उडी मारणारा देवमासा. मग फरक नक्की कशात आहे? "आम्ही अमुकने गेलो, मस्त झालं" एवढंच नको, काय बघून निवडलं, काय जमलं, काय नाही ते सविस्तर लिहा. शाकाहारी जेवणाचंही लिहा, सासऱ्यांना अंडंसुद्धा चालत नाही. अलास्काच पाहिजे असं नाही, थंड हवेतलं निसर्ग बघायचं कुठलंही क्रूझ चालेल.

सिएटलहून:
कंपनी शेवटी बघा, आधी हिमनदी कुठली ते बघा. शीटमध्ये "ग्लेशियर व्ह्यूइंग" असा एकच कॉलम असेल तर तो फाडून तीन करा: ग्लेशियर बे, हबर्ड आणि एंडिकॉट आर्म. ग्लेशियर बे हे नॅशनल पार्क आहे आणि तिथे दिवसाला फक्त 2 मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यातले बहुतेक परवाने प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकेकडे, थोडे नॉर्वेजियनकडे. रॉयल कॅरिबियनची जहाजं तिथे जातच नाहीत, ती हबर्डला नाहीतर एंडिकॉट आर्मला जातात. एकाच कंपनीची सगळी जहाजं सगळीकडे जात नाहीत, त्यामुळे तारीख आणि जहाजाचं नाव टाकूनच खात्री करा.

ग्लेशियर बेला सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर उभं राहतं आणि हळूहळू गोल फिरतं, म्हणजे डावी बाजू-उजवी बाजू असं भांडण नको. साधारण मैलभर रुंद भिंत, पाण्यावर अडीचशे फूट उंच. एक तुकडा निसटताना आधी नुसता दिसतो, अगदी मुठीएवढा वाटतो, आवाज काही नाही, आपण बाजूच्याला "अरे पडलं बघ" म्हणेपर्यंत मग तोफ डागल्यासारखा आवाज येतो आणि तेव्हा कळतं की ती भिंत वाटते त्यापेक्षा किती लांब आहे आणि तो तुकडा केवढा असणार.

दुसरं म्हणजे सुरुवात कुठून. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या शांत पाण्यातून वर जातात. सिएटलची बहुतेक जहाजं बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तिथे एखादी रात्र चांगली हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी हे बघावं. बाकी सिएटलचं विमान स्वस्त आणि सोयीचं हे खरंच.

न्यू जर्सीहून:
आम्ही आईबाबांना घेऊन हॉलंड अमेरिकेने गेलो, व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर. सासू-सासरे बरोबर असतील तर हीच घ्या असं मी डोळे मिटून सांगेन. जहाज मध्यम आकाराचं, त्यामुळे केबिनपासून जेवणापर्यंत मैलभर चालावं लागत नाही. खालच्या प्रोमनाड डेकवरून जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, बाबा रोज सकाळी कानटोपी घालून तिथे. ग्लेशियर बेच्या दिवशी पुढचा डेक सगळ्यांसाठी उघडतात आणि थंडीत कुडकुडताना हातात गरम डच पी सूप देतात. आईने ते शाकाहारी नाही हे विचारून घेतलं आणि हॉट चॉकलेटवर भागवलं, तुम्ही पण विचारा. संध्याकाळी गाणंबजावणं सौम्य, दहाला सगळं सामसूम, आपल्याला कुठे कॅसिनोत बसायचंय.

जेवण: पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगितलं की दोघं शाकाहारी, अंडं नाही. तो इंडोनेशियन होता, मान डोलावून म्हणाला उद्याचं आज सांगत जा. मग रोज भात, डाळ आणि एक भाजी. डाळ रोज तीच हे खरं, चौथ्या दिवशी बाबांनी बॅगेतून लसणाची चटणी काढली आणि त्या वेटरलाही चाखायला दिली.

टेक्सासहून:
वरच्या ताईंशी थोडं असहमत, मुलं असतील तर हिशेब वेगळा असतो. आमची दोन्ही हिमनदीसमोर जेमतेम पंधरा मिनिटं उभी राहिली, नंतर "आता काय" सुरू. रॉयल कॅरिबियनच्या ओव्हेशन ऑफ द सीजच्या वर्गातल्या जहाजांवर आत बंपर कार, स्केटिंग, छताखालचा पूल, शिवाय नॉर्थ स्टार म्हणून एक काचेची कुपी आहे ती समुद्रापासून साधारण 90 मीटर उंच नेते. बाहेर पाऊस लागला की (आणि लागतोच) त्या सगळ्याची किंमत कळते. तोटा हाच की चार हजारांवर माणसं, बंदरात उतरायला रांग, बुफेत सकाळी आठला दादर स्टेशन. आजी-आजोबांना दमायला होईल.

एडिसनहून:
आमची कंपनी सोडा, पण एंडिकॉट आर्मबद्दल सांगते. फियॉर्ड (डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी) अरुंद, दोन्ही बाजूंनी उभे कडे आणि धबधबे, सुरेखच आहे, पण आत तरंगते बर्फाचे तुकडे जास्त असले की कॅप्टन पुढे नेत नाही. आमचं जहाज डॉज ग्लेशियर दिसायच्या आधीच वळलं. ज्यांनी छोट्या बोटीची सफर आधीच घेतली होती ते त्यातून थेट हिमनदीपर्यंत जाऊन आले, आम्ही वरून हात हलवला. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये 10 ऑगस्ट 2025 ला मोठी दरड कोसळून त्सुनामी आली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी 2026 साठी तिकडची जहाजं एंडिकॉटला वळवली. जुन्या माहितीत ट्रेसी आर्म वाचलं असेल तर आता काय आहे ते विचारा.

ठाण्याहून:
आम्ही मुंबईच्या एका टूर कंपनीबरोबर गेलो, नाव लिहीत नाही. टूर मॅनेजर मुलगा फार चांगला, वयस्कर लोकांच्या बॅगा स्वतः उचलायचा. पण माहितीपत्रकात "स्कॅगवे, जगप्रसिद्ध रेल्वे" असं छापलेलं आणि तिथे पोचल्यावर कळलं की रेल्वेचे पैसे वेगळे. बऱ्याच जणांनी नाही घेतली आणि गावात आइस्क्रीम खात बसले. खरं तर ती सोडू नका. व्हाइट पास अँड युकॉन, सोन्याच्या शोधात लोक धावत सुटले तेव्हा 1898 ते 1900 मध्ये बांधलेली, तीन फुटी रूळ, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फक्त एक फूट रुंद. खिंडीपर्यंत 20 मैल चढते आणि परत येते, अडीच-पावणेतीन तास. जाताना डाव्या हाताची खिडकी पकडा, दरी तिकडे आहे. आमच्या डब्याला बाहेर उभं राहायला गॅलरी होती, तिथून खाली लोकांनी सामान पाठीवर लादून तुडवलेली जुनी पायवाट अजून दिसते.

बुकिंग करताना कुठली हिमनदी, कुठली सफर धरलेली आहे, ते ईमेलवर लिहून घ्या. फोनवर सगळेच हो म्हणतात.

टोरंटोहून:
व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सिएटल ते सिएटल घेतलं तरी कॅनडा टळत नाही. 1886 चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून शेवटच्या संध्याकाळी ती जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवाच, खाली उतरणार असाल नसाल, चेक-इनलाच विचारतात. अमेरिकन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. दिरांकडे ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्डावर काम होतं, एच-वन (नोकरीचा व्हिसा) असेल तर त्यांनाही कॅनडाचा व्हिसा. पुण्यातल्या चौघांनी हे काम आधी करा, मग एक्सेल शीट.

मडगावहून:
मी बरीच वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला होतो, आमच्याकडे गावात चार घरं सोडून एक तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असतोच. पाहुणे हजार प्रश्न विचारतात पण केबिनचा नकाशा कोणी बघत नाही. आपल्या केबिनच्या वर काय आणि खाली काय ते बघा. वर पूल डेक असला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढायचा आवाज, खाली थिएटर असलं तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली, जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हलतं पण कमी. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आमच्याकडे हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं द्यायचे.

बाल्कनी की इनसाइड (खिडकी नसलेली केबिन) हा प्रश्न नेहमीचा. अलास्कात देवमासे काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. ज्येष्ठ लोकांना बाल्कनी द्या, ब्लँकेट गुंडाळून बसतील. तरुणांनी इनसाइड घेऊन उरलेले पैसे बंदरातल्या सफरींना घालावे, बाहेर डेक सगळ्यांना सारखाच.

टिप दिवसाला माणशी साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप बिलात लागते, मुलांचीसुद्धा. जाहिरातीतल्या भाड्यात धरलेली नसते, तुलना करताना मिळवून बघा. काही लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून घेतात, त्याबद्दल मी काय बोलू. आणि स्वयंपाकघरात गोंयकार, मुंबईकर बऱ्याच कंपन्यांत सापडतात, हॉलंड अमेरिकेत मात्र डायनिंगला इंडोनेशियन आणि फिलिपिनो जास्त, तिथे शोधत बसू नका.

फीनिक्सहून:
हबर्डला कमी लेखू नका लोकहो. दर्शनी भिंत 6 मैल रुंद, मागे 76 मैल लांब, आणि बाकीच्या बहुतेक हिमनद्या मागे सरताहेत तर ही पुढे सरकतेय. व्हँकुव्हर ते सूअर्ड किंवा व्हिटियर अशा एकेरी फेरीत ही किंवा ग्लेशियर बे येते. एकेरी घेतलं तर पुढे डेनाली नॅशनल पार्कपर्यंत जाता येतं, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकेचे तिथे स्वतःचे लॉज आणि रेल्वेचे डबे आहेत, एकाच बुकिंगमध्ये होतं. आम्ही गेलो तेव्हा डेनाली शिखर ढगातच होतं, तिथे राहणारे सांगतात की तीनातल्या एकालाच दर्शन होतं. सत्तरीपुढच्यांना मात्र रोज बॅग भरणं, बसमध्ये चार-पाच तास, हे झेपतंय का बघा. मी तरी नुसतं क्रूझ घ्या म्हणेन.

जुनोबद्दल एक: गावाला रस्त्याने जाताच येत नाही, बोट नाहीतर विमान. तिथे देवमाशांची छोटी बोट घ्या, मोठ्या जहाजावरून लांबून फक्त फवारा दिसतो. आमच्या बोटीसमोर हंपबॅकांनी बुडबुड्यांचं जाळं करून मासे गोळा केले आणि सगळे एकदम तोंड वासून वर आले, बोटीतली सगळी मोठी माणसं लहान मुलांसारखी ओरडत होती. मेंडेनहॉल हिमनदीला बस जाते, स्वस्तात होतं. हेलिकॉप्टर, सीप्लेन धुक्यामुळे ऐनवेळी रद्द होतात, पैसे परत मिळतात पण त्या दिवसाचा दुसरा बेत डोक्यात ठेवा.

हॅम्बुर्गहून:
अलास्काच हवं असं नाही म्हणालात म्हणून नॉर्वे. हुर्टीगृटन 1893 पासून किनाऱ्याने जाते, आता बर्गन ते किर्केनेस, 34 बंदरं, जाऊन-येऊन 12 दिवस. 2021 पासून हाविला ही दुसरी कंपनी त्याच मार्गावर आहे. ही मालही उतरवतात, गावातली माणसं एका बंदरात चढून पुढच्यात उतरतात, रात्री दोनला कुठेतरी वीस मिनिटं थांबून फोर्कलिफ्टने खोकी चढवतात, मी तर झोपमोड करून बघायला जायचो. कॅसिनो नाही, शो नाही. आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं की डेकवर बोलावून मानेतून बर्फाचं पाणी ओततात, हौस असेल तर. आम्ही फेब्रुवारीत गेलो, नॉर्दर्न लाइट्स दिसले. ठराविक हिवाळी फेऱ्यांवर हुर्टीगृटन असं वचनही देते की दिसले नाहीत तर एक फेरी फुकट. शाकाहारी सांगून मिळतं, पण वरण-भाताची आशा धरू नका. मुलं कंटाळतील. सासऱ्यांना जुनी जहाजं, बंदरं यात रस असेल तर मात्र हेच.

पुण्याहून (धागा काढणारी):
किती छान लिहिताय सगळे! शीटमध्ये तीन नवे कॉलम पडलेत आणि व्हिसाचे फॉर्म उघडलेत. दीर अजून बंपर कारवर अडून आहेत, सासरे ती रेल्वे म्हणताहेत. एक बाळबोध प्रश्न, सात दिवसांचे थंडीचे कपडे आठ जणांचे, धुवायची सोय असते का?

न्यू जर्सीहून:
प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर स्वतः कपडे धुवायची मशीन असतात, कार्डावर पैसे कापतात. रॉयल कॅरिबियनवर नाहीत, तिथे पिशवीच्या हिशेबाने देतात ते महाग पडतं. आणि थंडीचे कपडे म्हणून जाड स्वेटरांची थप्पी नेऊ नका, जूनमध्ये दुपारी 15-16 डिग्री असतं. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे खरी गरज पाणी न झिरपणाऱ्या जॅकेटची, आत दोन पातळ थर पुरतात. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, रात्री दहाला सूर्य मावळतो, मुलं झोपत नाहीत.

टेक्सासहून:
आमची तर पट्टी लावूनही नाही झोपली. दिरांना सांगा बंपर कारची रांग सगळे जेवायला गेलेले असतात तेव्हा सगळ्यात छोटी असते.