दीर्घ आजारातल्या तपासण्यांना खर्चाने कात्री लावावी का?

पिंपळपान:
डायबेटिस, बीपी, थायरॉइड हे आयुष्यभराचे सोबती, म्हणजे तपासण्याही आयुष्यभर. औषधांच्या खर्चाचा अंदाज बांधता येतो, तपासण्यांची यादी मात्र लांबतच जाते. कुणी म्हणतं तब्येतीपुढे पैसा बघू नये, कुणी म्हणतं निम्म्या तपासण्या उगाचच असतात. टाइप २ डायबेटिस, बीपी आणि हायपोथायरॉइड, तिन्हींसाठी गोळ्या चालू, असा पेशंट धरा. हात आखडता असेल तर काय ठेवावं, काय सोडावं? आकड्यांसकट सांगा.

निरगुडी:
आधी एवढंच विचारा: आकडा वर आला तर काय बदलेल, खाली आला तर काय बदलेल? दोन्हींचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती तपासणी फुकट मिळाली तरी नको.

एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो. दर महिन्याला केलात तर बरीचशी तीच जुनी साखर पुन्हा मोजली जाते. साखर आटोक्यात असेल तर वर्षातून २ वेळा पुरे. औषध बदललं किंवा आकडा चढा असेल तर ३ महिन्यांनी. ७.१ चा ७.३ झाला म्हणून गोळी वाढवायची घाई नको, एवढा फरक मोजण्यातच पडतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटाच वर जातो, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्याचा भरवसा धरू नये.

थायरॉइडच्या गोळीतलं थायरॉक्सिन शरीरातून सावकाश जातं, अर्धं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबून टीएसएच (डोस ठरवणारी थायरॉइडची मुख्य रक्ततपासणी) करा. डोस बसला की वर्षातून एकदा (गरोदरपणाचं वेळापत्रक वेगळं). अख्खं ‘प्रोफाइल’ दर वेळी कशाला? टी३ने (थायरॉइडच्या दुसऱ्या संप्रेरकाने) गोळीचा डोस ठरत नाही, आणि अँटीबॉडी एकदा सापडल्या की पुन्हा मोजून हाती काही लागत नाही. केस-नखांच्या गोळ्यांमधलं बायोटिन निदान २ दिवस आधी बंद ठेवा. त्याने टीएसएच खोटा कमी दिसू शकतो आणि चांगला बसलेला डोस विनाकारण घटवला जातो.

अनघड:
किडनीवर मात्र अजिबात काटकसर नको. डायबेटिसमध्ये ती बिघडताना बराच काळ काही जाणवतच नाही. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते यावरून कळतं) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन गळतं का ते यावरून कळतं), या दोन्ही तपासण्या हव्यातच.

लघवीचा नमुना शक्यतो सकाळचा पहिला द्या. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर आकडा फुगतो आणि पैसे वाया जातात. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आला तरी एकावरून निदान नको. ३ ते ६ महिन्यांत ३ पैकी २ नमुने वर यायला हवेत.

बीपीची गोळी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली असेल तर ती सुरू केल्यावर वा वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं. नेमकं इथेच घाबरून गोळी बंद केली जाते आणि तिचा किडनीला असलेला आधारच जातो. पोटॅशियमसाठी रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, आकडा खोटाच चढतो.

डोळ्यांचा पडदा वर्षाला एकदा तपासून घ्या. पायाची संवेदना १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने डॉक्टर बसल्या जागी बघू शकतात, त्याला लॅब लागत नाही.

शुक्रतारा:
निरगुडींचा नियम नेहमीच्या देखरेखीला चोख लागू पडतो. नवं लक्षण आलं, वजन उतरू लागलं, स्थिर असलेली साखर अचानक बेलगाम झाली, तर तिथे निदान करायचं असतं. अशा वेळी खर्चाचा विचार मागून.

‘फुल बॉडी’ पॅकेज स्वस्त वाटतं, पण हिशेब करा. नॉर्मलची मर्यादा बहुतेक वेळा अशी आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर पडायची शक्यता सुमारे ६४ टक्के. मग फेरतपासणी, सोनोग्राफी, तज्ज्ञाची फी, आणि घरभर काळजी. खरा खर्च तो.

देखरेख आणि निदान ही दोन खाती झाली, औषधाच्या सुरक्षेसाठीच्या तपासण्या हे तिसरं. उदाहरणार्थ, संधिवातासारख्या आजारात देतात त्या मेथोट्रेक्सेटला सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी रक्तपेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन लागतं. हे परवडत नसेल तर औषध सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गुपचूप तपासणी टाळणं सगळ्यात वाईट, कारण समोरचा ‘सगळं ठीक आहे’ असं धरून डोस वाढवत नेतो.

आणि हा भार एकट्या पेशंटने का उचलावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी काढली, त्यात एचबीए१सी आहे. अशा तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळायलाच हव्यात.

पिंपळपान:
आभार. घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचं काय?

निरगुडी:
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर पट्ट्यांत काटछाट नको, साखर एकदम खाली जाऊ शकते. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर रोजच्या उपाशीपोटीच्या आकड्याने फारसं काही बदलत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी ३ दिवस, जेवणाआधी आणि जेवणानंतर २ तासांनी अशा जोड्या मोजा, शेजारी काय खाल्लं ते लिहा आणि तो कागद सोबत न्या. मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा भलताच वर जातो.