झोळीतली झोप आणि सॅकची राखण: तुमचे अनुभव सांगा

दोन झाडांमध्ये हॅमॉक, म्हणजे कापडी झोळी, बांधून झोपणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. कारण ताजं आहे. मागच्या महिन्यात सकाळी जागा झालो तर सॅक खोडाशी होती तशीच होती. फक्त वरच्या कप्प्याची चेन उघडी, आणि पॉवरबँक व हेडटॉर्च गायब. मी चार फुटांवर घोरत होतो.

तंबूतला माणूस निदान सामान आत घेऊन चेन लावतो. कापडच ते, पण आडोसा असतो. झोळीला ना जमीन ना भिंत, त्यामुळे सामान कायम अंगाबाहेर. त्यातून झटकन उठायचं म्हटलं तर आधी मच्छरदाणीची चेन, मग स्लीपिंग बॅगची चेन, मग पाय बाहेर. चोर निवांत चालत जाईल आणि आपण अळीसारखे वळवळत राहू.

रात्री, प्रवासात, आंघोळीला जाताना तुम्ही काय करता? जे फसलं तेही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

रात्रकिडा

मी दोन वर्षं सॅक झोळीच्या खाली, एका छोट्या जाळीदार झोळीत टांगत होतो. कुणी हात लावला तर पाठीला धक्का बसेल आणि जाग येईल, असा हिशोब. थंडीत पहिला घोटाळा झाला. झोळीखाली बाहेरून लटकवायची रजई असते ना, तिला सॅक खालून दाबायची. रजई दबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. पाठ गारठली.

दुसरा घोटाळा जास्त लाजिरवाणा. एका रात्री धक्का बसला, मला जागही आली, आणि 'वारा सुटला वाटतं' म्हणून मी कूस बदलली. सकाळी सॅकच्या बाजूच्या खिशातला चाकू नव्हता. आता सॅक डोक्याच्या बाजूला, हात खाली सोडला की लागेल अशी ठेवतो. वाऱ्यावरचा विश्वास मात्र उडाला.

कुलूपबंद

पिशवीच्या चेनला कुलूप लावून निश्चिंत होणाऱ्यांनी एकदा घरी प्रयोग करून बघा. नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन असेल तर दातांच्या मधोमध बॉलपेन दाबा. चेन फाकते. हात घालून हवं ते काढा, मग कुलपासकट दोन्ही रनर इकडून तिकडे फिरवा, चेन पुन्हा मिटते. कुलूप जागच्या जागी! मी हे बघितलं तेव्हा तोंड उघडंच राहिलं. काय गेलं हे माणसाला दोन दिवसांनी कळतं, आणि तोवर तो सगळ्या चुकीच्या माणसांवर संशय घेऊन झालेला असतो.

तीन आकड्यांचं कुलूप म्हणजे ०००पासून ९९९पर्यंत हजार जोड्या. एकेकीला दोन सेकंद धरा, रिकामटेकड्या माणसाला अर्ध्या तासाचं काम. विमानतळावर तपासणीसाठी मास्टर किल्लीने उघडता येणारी जी टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा संस्था) कुलपं असतात, त्या किल्ल्यांचा फोटो २०१४ साली एका वर्तमानपत्रात छापून आला, आणि २०१५मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या करायच्या फाइल्स इंटरनेटवर फिरायला लागल्या. म्हणजे किल्ली आता सरकारी राहिली नाही.

तरी मी कुलूप लावतोच. येता-जाता हात मारणारा भुरटा कुलूप नसलेली पिशवी निवडतो, एवढाच त्याचा उपयोग. पण तो उपयोग खरा आहे.

पायताण

कुलपाचं निघालंच आहे तर माझी फजिती ऐका. स्टीलची बारीक केबल घेतली, खोडाला वेढा घातला, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यातून ओवली, कुलूप लावलं आणि ओढ्यावर गेलो. परत आलो तर केबल खोडाला, कुलूप केबलला, आणि सॅक नाही. खांद्याचा पट्टा खालच्या टोकाला बकलमधून सरकतो हे मला वीस वर्षं सॅक वाहूनही सुचलं नव्हतं. चोराने पट्टा सैल करून टोक ओढून काढलं, बस्स. कापाकापीही नाही.

केबल ओवायची ती मानेपाशी सॅक उचलायला जो हँडलचा पट्टा असतो त्यातून. तो दोन्ही टोकांना पक्का शिवलेला असतो. आणि झाड असं हवं की वेढा वरून निघणार नाही. रोपट्याला बांधणाऱ्यांनाही मी पाहिलंय.

निशाचर (ती)

एकटी फिरते, म्हणून माझा सगळा भर कुणाला दिसायचंच नाही यावर. पायवाटेच्या तोंडाशी गाड्या लावतात तिथे आणि रस्त्यालगत मी कधीच झोळी बांधत नाही. चोरी करायला कुणी सॅक घेऊन चार तास चढत नाही, गाडीतून उतरून पाच मिनिटांत जमेल तिथेच करतो. रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत गेलं की चित्र बदलतं. झोळी अंधार पडता पडता बांधते, उजाडायच्या आत सोडते, ताडपत्री मातकट रंगाची. हेडटॉर्च लाल उजेडावर. वाटेत कुणी प्रेमाने विचारलं, 'आज मुक्काम कुठे?' तर पुढच्या गावाचं नाव सांगते, आणि 'आम्ही' म्हणते. खोटं बोलल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आणखी एक. 'जरा लक्ष ठेवाल का?' हे वाक्य मी सोडून दिलं. एकदा चार्जिंग पॉइंटवर शेजारच्या सज्जन दिसणाऱ्या माणसाला म्हटलं होतं. त्याने लक्ष फारच नीट ठेवलं, फोन घेऊनच गेला.

वाटसरू

@निशाचर ताई, फोन गेल्यावरचं मी लिहितो, दोनदा भोगलंय. *#06# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तो आत्ताच कागदावर उतरवा. तक्रार करताना आणि हँडसेट ब्लॉक करताना तोच मागतात, आणि तो बघायला फोन नसतो! सिमकार्डाला पिन लावा, नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याला यायला लागतात. आयफोनवाल्यांना जानेवारी २०२४च्या अपडेटपासून चोरीसंरक्षणाची सोय आहे. ओळखीच्या जागेबाहेर कुणी खात्याचा पासवर्ड बदलू लागला तर फोन चेहरा किंवा बोट मागतो, एक तास थांबायला लावतो आणि मग पुन्हा चेहरा मागतो. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे का ते बघा.

चोरकप्पा

माझा चोर मीच. पासपोर्ट आणि पैसे रात्री स्लीपिंग बॅगच्या तळाशी, पायांपाशी ठेवायची सवय. पद्धत उत्तम, माझ्या पायाखालून काढणार कोण? एका सकाळी पावसाची चिन्हं होती म्हणून घाईत सगळं गुंडाळलं. दुपारी मुक्कामी पोचल्यावर पासपोर्ट नाही. तीन तास शोधाशोध, शेजारच्या खाटेवरच्या पोराकडे मी ज्या नजरेने बघितलं ते आठवून आजही शरम वाटते. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पाय घातला आणि अंगठ्याला पासपोर्ट लागला. माफी मागायला गेलो तर पोरगा झोपलेला.

आतापर्यंत चोरांनी माझं जेवढं नेलं त्याच्या तिप्पट मी स्वतः विसरलोय. हल्ली पाकीट शर्टाच्या आतून गळ्यात, प्लॅस्टिकच्या घट्ट मिटणाऱ्या पिशवीत. पिशवी नसेल तर घामाने पासपोर्टची पानं फुगतात.

रात्रकिडा

दोन पायांच्या चोरांबद्दलच चाललंय सगळं. माझा एक बूट रात्रीत नाहीसा झाला होता. एकच! दुसऱ्या दिवशी झुडपात सापडला, चावलेला. २०२०मध्ये बर्लिनच्या एका उपनगरात शंभराहून जास्त चपला-बूट नाहीसे झाले होते, चोर निघाला कोल्हा. साळिंदरांना घामातलं मीठ आवडतं, ती बुटाचं चामडं आणि ट्रेकिंग काठीच्या मुठी कुरतडतात. बालीतल्या उलुवाटू मंदिराजवळची माकडं तर चष्मे, फोन पळवतात आणि खाऊ मिळाला की वस्तू परत करतात. खंडणीच ती. २०२१मध्ये संशोधकांनी त्यावर लिहिलंय की वयाने मोठी माकडं महागडी वस्तू ओळखून तिच्यासाठी जास्त भाव मागतात.

बूट झोळीच्या दोरीला उलटे टांगा. पाऊसही आत जात नाही.

पायताण

ट्रॅकर टॅगबद्दल कुणीच लिहिलं नाही? सामानात टाकायचं छोटं यंत्र, ते कुठे आहे हे आपल्या फोनवर दिसतं. सॅक गेल्यावर मी टॅग घेतला. दोन गोष्टी कळल्या. एक, टॅग स्वतः फक्त जवळपास पोचणारा ब्लूटूथचा सिग्नल सोडतो, तो पकडून आजूबाजूने जाणाऱ्या लोकांचे फोन त्याची जागा कळवतात. गर्दीत झकास, रानात मुका. दुसरी, टॅग अनोळखी माणसाबरोबर फिरू लागला की त्याच्या फोनवर इशारा जातो. मे २०२४मध्ये ॲपल आणि गूगलने एकत्र येऊन हे दोन्हीकडच्या फोनवर चालू केलं. बायकांचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून केलंय आणि ते योग्यच, पण चोरालाही कळतं की पिशवीत टॅग आहे.

माझी बॅग बसच्या डिकीतून गेली तेव्हा टॅगने घर दाखवलं. एकटा गेलो नाही, पोलिसांना घेऊन गेलो. दार उघडलं एका आजींनी. त्यांची बॅग हुबेहूब माझ्यासारखी, ती त्यांनी डिकीत सोडून माझी आणली होती. त्याच दिवशी बॅगेला भडक केशरी फीत बांधली.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. फोन आणि चष्मा आता झोळीच्या आत, नाकावर ताणलेल्या आडव्या दोरीला कापडी खिसा टांगून त्यात. केबल हँडलच्या पट्ट्यातून. @कुलूपबंद, बॉलपेनचा प्रयोग केला, बायकोच्या नव्या बॅगेवर. त्याबद्दल इथे लिहित नाही.

मधल्या काळात एक उपाय मी स्वतःही केला होता: सॅकपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सुतळी. रात्री लघवीला उतरलो, सुतळी विसरलो, आणि तोंडावर आपटलो. आता सुतळीचं दुसरं टोक फांदीवर ठेवलेल्या स्टीलच्या मगाला बांधतो. सॅक हलली की तो मग खाली पडतो. पहिल्या रात्री तो तीनदा वाजला. तिन्ही वेळा सॅकमध्ये हात माझाच होता.