ट्राउटची ट्रिप: तारखा नंतर, आधी पाण्याचं बोला

दादा: मंडळी, प्लॅन टाकतोय. शनिवारी दुपारी पोचायचं, संध्याकाळी गळ टाकायचा, रविवारी आरामात उठून परत नदीवर, मग निघायचं. कोण कोण येतंय?

वहिनी: मी आणि पोरं नक्की.

आत्या: 👍

मामा: अरे थांब जरा. उन्हाळा सरताना या वेळापत्रकात ट्राउट मिळत नाही, मिळाला तर मरतो.

दादा: मामा, सुरुवातच अशी करतोस!

मामा: ऐक ना. बर्फाचं पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. नदी उतरलेली, दगड तापलेले. हा थंड पाण्याचा मासा. पाणी १० ते १६ अंश असलं की छान खातो. २० च्या पुढे त्याचे श्वासाचेच वांधे, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी गळाला लागून धडपडला, तर सोडून दिलास तरी पुष्कळदा वाचत नाही.

ताई: म्हणून तर संध्याकाळ बरी. ऊन उतरलेलं असतं.

मामा: हवा गार होते गं, पाणी नाही. दुपार कलताना ते सगळ्यात तापलेलं असतं आणि ती ऊब लवकर जात नाही. गार पाणी पहाटेचं. उजाडता उजाडता काठावर हवं आणि ऊन चढलं की काठ्या गुंडाळायच्या.

दादा: पोरं उठणार का एवढ्या पहाटे?

वहिनी: पोरं उठतील. तुमचं काय ते सांगा.

आत्या: 😂😂

ताई: जागा तरी तीच ना, पुलाजवळची? गाडी थेट जाते तिथे.

मामा: गाडी थेट जाते आणि पाणीही तिथे सगळ्यात कोमट. वर जाऊया. १००० मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. दाट सावलीतला, झऱ्याचं पाणी मिळणारा ओढा शोधू. मासे लहान असतील, पण ठणठणीत.

ताई: आणि धरणाच्या खाली? तिथलं पाणी बर्फासारखं असतं म्हणतात.

मामा: तळातून सोडत असतील तर असतंच. पण पाणी कधी वाढेल नेम नाही. पोरं बरोबर असताना नको.

वहिनी: मामा, पोरांना जमेल का हो हे? फ्लाय, म्हणजे गळावरचा तो नकली किडा, फार हलक्या हाताने टाकावी लागते ना?

मामा: एरवी हो. पण या दिवसांत काठच्या गवतातून नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडत असतात आणि ट्राउट त्यांची वाटच बघत असतो. नाकतोड्याची फ्लाय काठालगत टप्पकन आपटली तरी चालतं, खरा नाकतोडा तसाच पडतो. नवशिक्यांना याहून बरा मोसम नाही. फक्त खालच्या अंगाने वर चालत यायचं. मासा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, मागून आलेलं त्याला कमी दिसतं. पाणी उथळ आणि नितळ आहे, सावली पडली की संपलं.

मावशी: दुपारी डोंगरात ढग जमतात, ते विसरू नका. गडगडलं की पाण्याबाहेर. कार्बनची काठी हातात धरून उभं राहायचं नाही, वीज वाहून नेते ती.

दादा: बरं बाई. फोटो तरी काढू देणार ना?

मामा: काढ की. हात ओले करून धर, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतात. मासा पाण्यातच ठेव, क्लिकपुरता उचल. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, सगळ्यांनी. सुटायला सोपं, आणि पोराच्या बोटात घुसला तरी पटकन निघतो.

वहिनी: हे पटलं 🙏

ताई: परवान्यांचं मी बघते. त्या ओढ्यावर मासेमारी चालू आहे का, आमिष चालतं की फक्त फ्लाय, तेही विचारते. उष्णतेमुळे दुपारनंतर बंदी घालतात काही ठिकाणी.

दादा: ठीक. म्हणजे शुक्रवारी रात्रीच पोचायचं, शनिवार-रविवार दोन्ही पहाटे नदीवर. रजा टाकतो. थर्मामीटर कोण आणतंय?

आत्या: स्वयंपाकघरातला आहे माझ्याकडे.

मामा: चालेल. दोरी बांधून आण. काठच्या साचलेल्या पाण्यात नको, वाहत्या पाण्यात सावलीत मिनिटभर बुडवायचा.

दादा: आणि पहिल्याच पहाटे २० दाखवला तर?

मामा: तर काठ्या गाडीतच राहतील आणि पोरं डुंबतील. टॉवेल जास्तीचे घ्या.