मेल प्रोग्राम बदलताना जुने नियम सोबत न्यावेत का? माझं मत: नेऊ नयेत

पानगळ

मेलचा प्रोग्राम बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘माझे फिल्टर येतील ना?’ मीही हाच विचारला होता. अकरा वर्षं एकाच प्रोग्राममध्ये काढली, ६३ नियम (म्हणजे हेच फिल्टर, आलेलं मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरात टाकणारे) साठले होते. बदल करून आता महिना झाला आणि माझं मत पार फिरलंय. येत असतील तरी आणू नका. मेल आणा, पत्ते आणा, सही आणा. नियम तिथेच सोडा आणि लागतील तसे नवे लिहा.

नियमाचं वाक्य तेच राहिलं तरी प्रत्येक प्रोग्राम त्याचा अर्थ आपापल्या पद्धतीने लावतो. माझे दोन नियम होते. पहिला, हिशेब विभागाकडून आलेलं मेल ‘हिशेब’मध्ये टाक आणि पुढचे नियम बघू नकोस. दुसरा, अटॅचमेंट असलेलं कुठलंही मेल ‘फायली’मध्ये टाक. थंडरबर्ड काय, आउटलुक काय, नियम वरून खाली चालवतात आणि ‘इथे थांब’ म्हणायची सोय देतात. जीमेलच्या फिल्टरांना क्रम नसतो. जेवढे जुळतील तेवढे सगळे लागू होतात. म्हणजे हिशेबाचं मेल दोन्ही लेबलं लावून बसणार, आणि आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून प्रोग्रामात दाखवायची पद्धत) उघडलं तर दोन फोल्डरांत दोनदा दिसणार.

दुसरी गंमत मराठी विषय-ओळींची. ‘सभा’ असा शब्द घालून नियम केला तर ‘सभेची सूचना’ सापडत नाही, कारण ‘सभा’चं ‘सभे’ झालं. म्हणून मी फक्त ‘सभ’ लिहिलं होतं. अक्षरांचा तुकडा शोधणाऱ्या प्रोग्रामात हे झकास चालतं. सभा, सभेला, सभांचे, सगळं सापडतं. (सभासद, सभोवताल आणि सभ्यही सापडतात, पण ते असो.) जीमेल अख्खा शब्द बघतं, तुकडा चालत नाही. तिथे हा नियम दिसायला शाबूत, कामाला शून्य. लाल रंगाची चूक वगैरे काही येत नाही. नुसता गप्प बसून राहतो.

कळफलक

ताई, ६३ नियम हाताने लिहिता येतात हो. आमच्याकडे तक्रारींचा सामायिक मेलबॉक्स आहे, नियम २४० च्या वर. कुठलं मेल कुणाकडे जायचं हे त्या नियमांतच आहे, दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. ज्यांनी लिहिले ते केव्हाच सोडून गेले. ‘लागतील तसे लिहा’ म्हणजे एखादं मेल चुकीच्या माणसाकडे पडून राहणार, तक्रारदार चिडून फोन करणार, मग आम्हाला कळणार की इथे नियम हवा होता. आम्ही आउटलुकमधून आउटलुकमध्येच गेलो. सगळे नियम एका आरडब्ल्यूझेड फाइलमध्ये काढले, नव्या मशीनवर आत घेतले, वीस मिनिटांत काम झालं.

तुमची अडचण नियम नेण्याची नाहीच. तुम्ही एका जातीच्या प्रोग्राममधून दुसऱ्या जातीच्या प्रोग्राममध्ये गेलात. त्यासाठी सगळ्यांना ‘नेऊ नका’ सांगणं मला पटत नाही.

पानगळ

मान्य, २४० नियम दुसऱ्यांच्या डोक्यातून निघालेले असतील तर टाकून देता येणार नाहीत. पण ‘कुणी लिहिले माहीत नाही, दुसरीकडे लिहून ठेवलेलं नाही’ हे ऐकून मलाच धडधडलं. त्या २४० पैकी किती नियम तुम्ही उघडून बघितले?

कळफलक

एकही नाही. चालतायत ना.

जुनाट

माझा किस्सा ऐका, मग भांडा.

नवा लॅपटॉप घेतला, नवा प्रोग्राम टाकला, नियम एकही नेला नाही. पानगळताईंचंच धोरण. तरी इनबॉक्समधून मेल गायब व्हायला लागली. सकाळी नऊला फोनवर दिसलेलं मेल साडेनऊला नाही. पासवर्ड बदलला, सेवा देणाऱ्यांना दोनदा लिहिलं, शंका घ्यायला कुणी उरलं नाही. चौथ्या दिवशी आतल्या खोलीत पंख्याचा आवाज आला. जुना डेस्कटॉप चालूच होता! मुलगी त्यावर गाणी ऐकायची. मागे जुना मेल प्रोग्राम उघडा, दर दहा मिनिटांनी आयमॅपला जोडून आपले ४० नियम इमानेइतबारे चालवत बसलेला. मेल कुठेही गेली नव्हती, सगळी आपापल्या फोल्डरात शिस्तीत पडली होती. फोनवर ते फोल्डर मी कधी उघडतच नव्हतो.

पासवर्ड बदलल्यावर तो का थांबला नाही म्हणाल, तर थांबला होता. खिडकी आली, मुलीने मला विचारलं, मी घाईत नवा पासवर्ड सांगून टाकला.

तेव्हा नियम न्या नाहीतर नेऊ नका, आधी जुन्या ठिकाणी ते बंद करा. हे कुणीच सांगत नाही.

नुसताच वाचक

पंखा +१. आमच्या ऑफिसात याच्या उलट झालं होतं. जुनं मशीन बंद केलं आणि कुणाच्याच फोनवर मेल लागेना जागेवर. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की ‘सर्व्हर लावतो’.

उंटावरचा

मी गेली अनेक वर्षं हेच ओरडतोय. नियम प्रोग्राममध्ये लिहिणं हीच मूळ चूक. प्रोग्राम आज आहे उद्या नाही. विंडोजमधलं साधं मेल अॅप घ्या, ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा आधार संपला. विंडोज लाइव्ह मेलचा जानेवारी २०१७ मध्येच संपला होता आणि त्याचे नियम तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या सेटिंगांच्या कोठारात, पुरलेले असायचे. नियम सर्व्हरवर ठेवा. त्यासाठी सीव्ह नावाची छोटी भाषा आहे, २००१ मध्ये पहिल्यांदा प्रमाणित झाली, २००८ मध्ये आरएफसी ५२२८ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात सुधारून आली. साधा मजकूर, वाचता येतो, कॉपी करता येतो. डवकॉट या मेल सर्व्हरवर चालते, फास्टमेल आणि प्रोटॉन या मेल सेवांवर चालते. मेल आलं की सर्व्हरच ते लावतो. तुम्ही फोनवर बघा, ब्राउझरमध्ये बघा, दहा प्रोग्राम बदला. हा धागा काढायची वेळच येणार नाही.

तिरपी रेघ

उंटावरून खाली या थोडं. जीमेलमध्ये सीव्ह नाही. मायक्रोसॉफ्टच्या मेलमध्ये नाही. बहुतेकांचं मेल या दोघांपैकी एकाकडे असतं. तिथे सर्व्हरवर नियम ठेवता येतात, पण त्यांच्या भाषेत. म्हणजे प्रोग्रामच्या दावणीचं सोडवून सेवेच्या दावणीला बांधलं, एवढंच. जीमेल फिल्टर एक्सएमएल फाइलमध्ये काढून देतं हे खरं, पण ती फाइल दुसऱ्या जीमेल खात्याखेरीज सहसा कुणाला कळत नाही. थंडरबर्डला दिली तर तो घेत नाही.

शिवाय सगळे नियम सर्व्हरवर जाऊ शकत नाहीत. आवाज वाजव, प्रिंट काढ, माझ्या डिस्कवरच्या पीएसटीमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) हलव, ही कामं सर्व्हर कशी करणार? जुनं आउटलुक अशा नियमांपुढे ‘फक्त या कॉम्प्युटरवर’ अशा अर्थाची टीप लावतं, ती लोक वाचत नाहीत. नव्या आउटलुकमध्ये गेल्यावर नेमके तेच नियम मागे राहतात.

उंटावरचा

जे मागे राहतात ते राहू देत. मेल आल्यावर घंटी वाजवणारा नियम हवा कुणाला?

तिरपी रेघ

ज्याला रात्रपाळीत एका विशिष्ट पत्त्यावरून मेल आलं तर उठायचं असतं त्याला. मला.

खिळा

मी कळफलक यांच्या बाजूने, पण फाइल न उघडता नेण्याच्या विरोधात. थंडरबर्डचे नियम प्रत्येक खात्याच्या फोल्डरात एमएसजी-फिल्टर-रूल्स-डॅट अशा नावाच्या फाइलमध्ये असतात. नोटपॅडमध्ये उघडते. एका नियमाला मोजून सहा-सात ओळी: नाव, चालू की बंद, कधी चालवायचा, काय करायचं, कुठे टाकायचं आणि शेवटी अट. प्रोग्राम बंद करून ही फाइल नव्या मशीनवरच्या त्याच जागी ठेवली की नियम आले.

मेख ‘कुठे टाकायचं’ या ओळीत आहे. तिथे नुसतं ‘हिशेब’ नसतं. आयमॅप, मग खात्याचं नाव, मग सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, असा अख्खा पत्ता असतो. सर्व्हर बदलला असेल तर प्रत्येक ओळ जुन्या घराकडे बोट दाखवते. शोधा-आणि-बदला चालवलं की दोन मिनिटांत काम होतं. पण फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर तिथे देवनागरी दिसतच नाही. आयमॅपच्या जुन्या रिवाजाप्रमाणे अँपरसँडने (&) सुरू होणारी, डॅशने संपणारी रोमन अक्षरांची अगम्य माळ दिसते. फाइल बिघडली समजून मी एकदा ती माळ पुसून तिथे ‘हिशेब’ लिहिलं होतं. नियम आपोआप बंद पडला. त्याच्या लेखी असा फोल्डरच नव्हता.

हे सगळं करता करता प्रत्येक नियम नजरेखालून जातो हा खरा फायदा. कळफलक, तुम्ही २४० न बघता नेलेत, त्यात बाहेरच्या पत्त्यावर परस्पर मेल पाठवणारा एखादा नसेल कशावरून? मेलबॉक्समध्ये घुसलेले लोक नेमकं हेच करून ठेवतात. एक फॉरवर्डचा नियम, शिवाय इशाऱ्याची मेल गुपचूप पुसणारा दुसरा. २०२० मध्ये एफबीआयने यावर कंपन्यांना सावध केलं होतं. पासवर्ड बदलला तरी नियम जागेवर राहतो, आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने नव्या घरात नेऊन ठेवता.

कळफलक

हे मात्र पोटात गोळा आणणारं आहे. उद्या फॉरवर्डचे तेवढे बघतो. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच.

नुसताच वाचक

नियमांवर एवढं रण, आणि पॉपवाल्यांचा विचार कुणी केलाच नाही. मेल पॉपने (सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) उतरत असेल तर कुठली उतरवून झाली याची यादी जुन्या प्रोग्रामकडे असते. नवा आला की त्याला सर्व्हरवरचं सगळं नवंच वाटतं. माझी ९ हजार मेल पुन्हा उतरली आणि वर नियम चालू असल्यामुळे पुन्हा सगळीकडे वाटलीही गेली. वाचलेली, न वाचलेली, जुनी उत्तरं, एकच गोंधळ. ‘इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ ही खूणही बघून घ्या, बऱ्याचदा १४ दिवसांवर आधीच टिक केलेली असते.

जुनाट

आणि पत्ते! दोन अक्षरं टाइप केली की जे पत्ते पुढे येतात ते सगळे पत्त्यांच्या वहीत असतातच असं नाही. वही नेली म्हणून खूश होऊ नका.

पानगळ

खिळा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल जुना प्रोग्राम पुन्हा उघडला. (जुनाटकाका, इंटरनेट काढून. काळजी नसावी.) प्रत्येक नियमाची अट मी शोधाच्या खिडकीत टाकली आणि गेल्या दोन वर्षांत त्यात काय सापडतं ते पाहिलं. ६३ पैकी ३८ मध्ये एकही मेल नाही. बंद पडलेल्या वर्गाच्या सूचना, विकून टाकलेल्या गाडीचा विमा, एका माजी साहेबांसाठी खास लाल रंग. ९ असे निघाले की दुसऱ्याच नियमाने आधी उचलल्यामुळे त्यांची पाळी कधी येतच नव्हती. उरले १६. ते काल रात्री लिहून काढले, सव्वा तास लागला.

तेव्हा थोडी माघार घेते. नियम नेऊ नका हे अजूनही म्हणते, पण न बघता सोडूनही देऊ नका. त्या १६ पैकी दोन मी महिनाभरात साफ विसरले होते आणि त्यातला एक करभरणाचा होता.

उंटावरचा

१६ च आहेत तर सीव्हमध्ये लिहा की. अर्धं पानही भरणार नाही.

पानगळ

माझी सेवा देत नाही हो सीव्ह, वर तिरपी रेघ यांनी सांगितलंय ना.

तिरपी रेघ

‘सभ’चं काय केलंत?

पानगळ

सभा, सभेची, सभेचे, सभेला, सभांचे असे पाच शब्द ‘किंवा’ घालून लिहिले. जुन्या फोल्डरात मात्र एक मेल सापडलं, दीड वर्षापूर्वीचं, न वाचलेलं. विषय: ‘सभ्य शब्दांत शेवटची आठवण’. भाडेकरूचं होतं.