लेट्रोझोल सुरू करण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

पालवी: पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास) निघालंय. दिवस राहावेत म्हणून डॉक्टरांनी पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल २.५ मिग्रॅ दिलंय. नेटवर बघितलं तर हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध! जाऊबाईंना याच कामाच्या क्लोमिफेन गोळीने गुण आला होता. तीच गोळी मागून घेऊ का? कुणी घेतली असेल तर सांगा ना.

रानजाई: पालवी, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

लेट्रोझोल मुळात कर्करोगासाठी आलं हे खरं, पण घाबरू नका. ते इस्ट्रोजेन तयार होणं तात्पुरतं कमी करतं. मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जास्त एफएसएच (बीज वाढवणारं हार्मोन) सोडते आणि बीज वाढीला लागतं. पाच दिवसांनी गोळी थांबली की बीज फुटेपर्यंत औषध बरंचसं शरीराबाहेर गेलेलं असतं. क्लोमिफेन जास्त काळ रेंगाळतं, काहींचं गर्भाशयाचं अस्तरही पातळ करतं. पीसीओएस असलेल्या ७५० जणींवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर १९.१ टक्के. तेव्हा गोळी बदलून मागू नका.

मला काळजी वाटते ती वेगळीच. नवऱ्याच्या तपासणीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. वीर्यतपासणी झाली का? साधी, स्वस्त तपासणी, तरी बाईच्या गोळ्या आधी सुरू होतात, याचं मला फार वाईट वाटतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन; वाढलं तरी पाळी लांबते) बघितलंय का? पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर गर्भनलिकांचंही आधीच विचारा. आणि पाळी इतकी लांबते, तर गोळी घेण्याआधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री हवीच.

सावली_७: मी घेतली होती. थकवा यायचा, डोकं दुखायचं, बाकी त्रास नाही. पहिल्या महिन्यात बीज वाढलंच नाही, तेव्हा खूप रडले. मग डोस ५ मिग्रॅ केला आणि सोनोग्राफीत बीज दिसलं. सोनोग्राफी चुकवू नकोस गं.

रानजाई: अगदी बरोबर. निदान पहिल्या महिन्यात तरी सोनोग्राफी व्हावी. बीजाची पिशवी साधारण १८ ते २० मिमीची झाली की फुटायच्या बेतात असते. एकदम तीन-चार वाढली तर तो महिना सोडून देणं बरं, कारण जुळी-तिळी राहिली तर धोका आईलाही असतो आणि बाळांनाही.

पालवी: ह्यांची तपासणी झालेली नाही. आजच सांगते. असं किती महिने घ्यायचं असतं?

रानजाई: बीज फुटत असूनही सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर तीच गोळी पुढे ओढत राहू नये. पस्तिशी उलटली असेल तर तेवढंही थांबू नका. आणि कधी क्लोमिफेन दिलं आणि नजर धूसर झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.