आईचा पहिला विमानप्रवास, साडी नेसूनच : मुंबई ते शिकागो, कपड्यांबद्दल मदत हवी आहे

कोयनाकाठ

आई (वय ६७) जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यासोबत ताईकडे शिकागोला येते आहे. मुंबई-फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट-शिकागो, दोन्ही उड्डाणं साधारण नऊ-नऊ तासांची, मध्ये चार तासांचा थांबा. आई कायम सहावारी नेसते, पंजाबी ड्रेस घालणार नाही म्हणजे नाही. त्यामुळे 'ड्रेसच बरा' हे सोडून सुचवा, ही विनंती. उजवा गुडघा बदललेला आहे, मधुमेह गोळ्यांवर आहे, संध्याकाळी पाय सुजतात.

साडी कुठल्या कापडाची? दागिन्यांचं काय करायचं? विमानात घालायचे घट्ट पायमोजे मिळतात ते घ्यावेत का? आणि मुंबईत घाम, शिकागोत शून्याखाली पारा, तर थर्मल कुठून घालायचं?

सुईदोरा

साडी नेसूनच येऊ द्या, काही अडत नाही. फक्त नेसण्यात थोडे बदल करा.

कापड सुती, धुऊन मऊ झालेलं, खळ न घातलेलं. खळीची साडी तासाभरात चुरगळते आणि तिच्या कडक घड्या मांडीखाली रुततात. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन चुरगळत नाही म्हणून बहुतेक जणी तेच नेसतात, पण कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो. सूत जळतं, चिकटत नाही. अशी वेळ सहसा येत नाही, तरी निवड आपल्या हातात असेल तर सूतच घ्यावं.

परकराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. विमान वर असताना आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरतो, त्यामुळे पोटातला वायू फुगतो. सकाळी बेताची बांधलेली नाडी चार तासांनी काचायला लागते, आणि साडीच्या आतली गाठ बसल्या जागी सैल करता येत नाही. नाडीऐवजी दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिकचा, घेरदार परकर शिवून घ्या. निऱ्या त्यात नीट खोचल्या जातात. हल्ली मिळणारे अंगासरशी साडी-शेपर मात्र नकोत, ते मांडीला आणि गुडघ्यामागे आवळतात.

साडी नेहमीपेक्षा दोन इंच वर, घोट्याच्या हाडाशी नेसवा. सरकत्या जिन्यात काठ अडकण्याचा धोका खरा आहे. लिफ्टनेच न्या.

स्वच्छतागृहाची सवय घरीच करून घ्या. आत जेमतेम वळण्यापुरती जागा असते आणि फरशी बऱ्याचदा ओली. बाहेरच पदर पुढे घेऊन कमरेला खोचायचा. आत गेल्यावर भांड्याकडे पाठ करून आधी समोरच्या निऱ्या डाव्या मुठीत गोळा करायच्या, मग मागची साडी आणि परकर एकत्र वर घेऊन त्याच मुठीत द्यायचा. उजवा हात दांड्याला. गुडघा बदललेला असेल तर दांडा सोडून बसू नये. दोन-तीनदा सराव केला की जमतं.

पायवाट

पायमोजे जरूर घ्या, पण आधी डॉक्टरांना विचारून. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील किंवा मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर हे मोजे अपाय करतात. मोजा काचतोय हे कळतच नाही आणि जखम होते.

डॉक्टर हो म्हणाले तर प्रवासासाठी गुडघ्याखालचे, १५ ते २० मिमी पारा इतक्या दाबाचे पुरतात. बुटाच्या नंबरावरून घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना, तीन मापं घ्या : घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात मोठा घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंतची उंची. तक्ता पाकिटावर असतो.

घालायची रीत : मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालून टाच बरोबर टाचेवर बसवायची, मग हळूहळू वर उलगडत न्यायचा. लांब वाटला म्हणून वरची कड दुमडायची नाही. दुमडीपाशी दाब दुप्पट होतो आणि रक्त वर चढण्याऐवजी तिथेच अडतं. सुरकुती राहिली तरी तेच. निघायच्या दिवशी सकाळीच घाला, सूज चढल्यावर घालून उपयोग नाही.

बूट मागून बंद, वेल्क्रोचे, अर्धा नंबर मोठे. चपला नकोत. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बूट पायातच असू द्या. घाईने बाहेर पडायची वेळ आली तर अनवाणी पायाला काच-पत्रा लागतो.

अनुस्वार

तपासणीबद्दल. मुंबईत धातू ओळखणाऱ्या चौकटीत गुडघा वाजणारच. डॉक्टरांचा कागद असला तरी तपासणी टळत नाही. चौकटीत शिरण्याआधीच सांगितलं की केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या महिला कर्मचारी पडद्याआड हातातल्या यंत्राने तपासतात.

फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी होते आणि तिथे गणित उलटं आहे. तिथली अंगाभोवतीची यंत्रं शरीराच्या आतला गुडघा पाहत नाहीत, पण कपड्याच्या आत काय आहे ते दाखवतात. निऱ्यांची जाड घडी, पिना, कमरेचा बटवा, सगळं खुणावलं जातं आणि मग हाताने चाचपतात. म्हणून पिन एकच, खांद्याला. पासपोर्ट कमरेला खोचलेल्या बटव्यात नको, तो काढताना निऱ्या सुटतात. स्वेटर-शालही ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगतात, तेव्हा ब्लाउज लांब बाह्यांचा असेल तर आईंना अवघडल्यासारखं होणार नाही.

मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या असू द्या. अंगठ्या आणि घट्ट पाटल्या घरीच साबण लावून उतरवा. बोटं-मनगटं सुजली की मग निघत नाहीत. अंबाडा मानेला टेकत नाही, पिनाही टोचतात, त्यापेक्षा सैल वेणी. गजरा घालून निघाल्या तर उतरायच्या आधी काढून टाका. ताजी फुलं अमेरिकेत जाहीर करावी लागतात.

कोयनाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. जोडवी काढायला आई तयार नाही. मोज्याच्या आत चालतील का?

पायवाट

बंद मोज्यात नकोत. नऊ तास जोडव्याची कड शेजारच्या बोटात रुतते, मधुमेहात ही जोखीम घेऊच नये. मोज्याचं विणकामही उसवतं. बोटांकडे उघडे असलेले मोजे मिळतात, ते घ्या. मात्र बूट पुढून रुंद हवा, आणि दर दोन-तीन तासांनी तुम्ही स्वतः बोटं पाहा. लालसर दिसलं की जोडवी तिथेच काढायची, हे आईंशी आधीच बोलून ठेवा. पैंजण मात्र घरीच.

गवतीचहा

थर्मल विजार मुंबईहून घालू नका. विमानतळावर उकडतं आणि विमानात साडीखालून ती काढणं अशक्य. वरचा थर्मलही नको. लांब बाह्यांचा सुती ब्लाउज, त्यावर पुढून बटणांचा लोकरी स्वेटर. डोक्यावरून घालायचा घेतला तर दर वेळी पदराची पिन निघते. वर एक शाल. झोपताना शाल पट्ट्याच्या आत आणि पट्टा वरून दिसेल असा लावा, म्हणजे विमान हलायला लागलं की पट्टा पाहायला कर्मचारी उठवत नाहीत. पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर.

कानटोपी, हातमोजे हातातल्या पिशवीत. जाड कोट ताईंना विमानतळावर घेऊन यायला सांगा. गुडघ्याखाली पोचणारा हवा, कारण साडीत वारा खालून शिरतो. लोकरी लेगिंगही त्यांनीच आणावी. सामान ताब्यात आलं की बाहेर पडण्याआधी तिथल्या प्रशस्त स्वच्छतागृहात परकराखाली घालता येते.