झुलत्या पुलाला एवढे पैसे कशाला?
आई-बाबांना व्हँकुव्हरमध्ये कॅपिलानोचा झुलता पूल दाखवायचा म्हणताय, पण तिथलं तिकीट डोळे पांढरे करणारं आहे. त्यापेक्षा लिन कॅनियन या दरीतल्या पार्कला न्या. तिथला पूल १९१२चा, आकाराने लहान, पण त्यावरून चालायला एक पैसाही पडत नाही. जाताना वॉटरफ्रंट स्टेशनहून सीबस (प्रवासी बोट) घ्या, साधारण १२ मिनिटांत पलीकडे ‘लॉन्सडेल की’ या धक्क्यावर. तिकीट ९० मिनिटं चालतं, त्यामुळे पुढच्या बससाठी वेगळं काढायला नको. (माझ्या सासूबाईंना पुलापेक्षा बोटच आवडली, दोनदा फिरवून आणावं लागलं!) जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, बाबांचं जेवणाचं वेळापत्रक कोलमडणार हे धरून चला. आणि हो, स्वेटर आणायला सांगा, समुद्रावरचा वारा झोंबतो.